जुनी रीसलिंग: उघडायची कशी, चाखायची कशी आणि तिच्यावर वाद घालायचा कसा

इंदूरच्या मराठी घरांतून आता कुणाचा ना कुणाचा भाचा-पुतण्या जर्मनीत असतोच, आणि येताना तो ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरच्या हिशोबात बसवून एखादी उंच निमुळत्या मानेची बाटली आणतो, आणि ती बाटली मग शोकेसमध्ये व्हिस्कीच्या शेजारी उभी राहते कारण कुणाला कळत नाही तिचं करायचं काय. त्यातली एखादी खरंच दहा-पंधरा वर्षं जुनी रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, निघाली तर हे वाचा. आधीच सांगतो, ही ग्लास उचलून पटापट संपवायची गोष्टच नाही, एक बाटली सहा-सात जणांत दोन तास पुरवायची आणि सगळा वेळ बोलायचं, तरच तिच्यात मजा आहे.

आधी बाटली खरंच ठेवण्याजोगी होती का ते बघा. सुपरमार्केटमधली स्वस्त रीसलिंग दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेली असते, ती दहा वर्षं ठेवली म्हणून थोर होत नाही, नुसती थकते. नाशिकच्या सुलाची रीसलिंग पण ताजी असताना प्यायची, ती छानच लागते, पण म्हातारी करायच्या फंदात पडू नका. टिकते ती जर्मनीतल्या मोझेल, राईनगाऊ, नाहे, फाल्झ इकडची चांगल्या घरची, फ्रान्समधल्या आल्सासची, ऑस्ट्रियातल्या वाखाऊची, ऑस्ट्रेलियात क्लेअर आणि ईडन व्हॅलीची. टिकते का, तर आंबटपणामुळे. मोझेलच्या वाइनमध्ये लिटरला ७ ते ९ ग्रॅम आम्ल सहज असतं, पीएच ३ च्या आसपास, त्यात साखर आणि थोडं सल्फर, म्हणजे जंतूंना आणि हवेला दोघांनाही काम अवघड. बरं, हे द्राक्ष आजचं नाहीये, १४३५ साली जर्मनीत माइन नदीच्या काठी र्‍युसेल्सहाइमला कात्सेनएल्नबोगेनच्या सरदाराच्या हिशोबवहीत याचे वेल विकत घेतल्याची नोंद आहे, म्हणजे होळकर माळव्यात यायच्याही तीनशे वर्षं आधी.

लेबल जर्मन असेल तर घाबरू नका, सगळ्यात उपयोगी माहिती खाली बारीक अक्षरात असते, ती म्हणजे अल्कोहोलचा टक्का. ७.५ ते ९ असेल तर वाइन गोडसर आहे कारण साखर पूर्ण आंबवलेलीच नाही, ११.५-१२ च्या वर असेल तर बहुतेक कोरडी. 'ट्रोकन' लिहिलं असेल तर कोरडीच, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. मग कबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे शब्द येतात, ते द्राक्ष तोडताना किती पिकलेलं होतं ते सांगतात, ग्लासात किती गोड लागेल ते थेट सांगत नाहीत, आणि इथेच सगळे गोंधळतात कारण श्पेटलेझे ट्रोकन पण असते.

श्पेटलेझेची, म्हणजे उशिरा तोडणीची, गोष्ट मात्र मंडळींना सांगायलाच हवी, बाटली थंड होईपर्यंत वेळ छान जातो. राईनगाऊत श्लोस योहानिसबर्ग म्हणून इस्टेट आहे, तिथे दरवर्षी तोडणीची परवानगी दूर फुल्डाहून घोडेस्वार घेऊन यायचा, १७७५ ला तो काही आठवडे उशिरा पोचला, तोवर द्राक्षं वेलावरच सुकून बुरशी धरायला लागली होती, तरी त्यांनी तोडली आणि वाइन निघाली एक नंबर. तेव्हापासून मुद्दाम उशिरा तोडायला लागले. सरकारी कामातल्या दिरंगाईचा कुणाला फायदा झाल्याचं हे दुर्मिळ उदाहरण.

आता साठवण. इंदूरचा उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि आपल्याकडे चांगल्या वस्तू माळ्यावर टाकायची सवय, तर माळ्यावर एक उन्हाळा काढलेली बाटली शिजलेली समजा. ओळखायचं कसं, तर वरचं फॉइल फिरवून बघा, चिकट असेल, बूच जरा वर आलेलं असेल, मानेतली पातळी बरीच खाली गेली असेल, तर वाइन गरम होऊन बाहेर झिरपलीये. १२-१३ अंश हा तिचा खरा मुक्काम, तेवढं आपल्याकडे कुठून येणार, म्हणून उघडायचा बेत ठरेपर्यंत सरळ फ्रिजमध्ये ठेवा, भाजीच्या कप्प्यात, उजेडापासून लांब. काही महिन्यांना काही होत नाही. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर मात्र छोटा वाइन कूलर घ्या, नाहीतर ठेवूच नका, पिऊन टाका.

दिवस निवडताना हिवाळा बरा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी खोली आपोआप गार असते, ग्लासातली वाइन दहा मिनिटांत कोमट होत नाही. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे तळाशी जे काही असेल ते बसतं. तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे पांढरे खडे दिसले तर ते काच नाहीत आणि साखर पण नाही, टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, थंडीत जमतात, निरुपद्रवी. हे आधीच सांगून ठेवा नाहीतर कुणीतरी वहिनी काच काच म्हणून ग्लास बेसिनमध्ये ओततील.

जुनं बूच मऊ आणि ठिसूळ असतं, त्यामुळे नेहमीचा स्क्रू ताकद लावून ओढला की अर्धं बूच आत. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो, पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी हलवत हलवत आत सरकवायची आणि फिरवत वर ओढायचं, ऑनलाइन मागवून ठेवा. नसेल तर लांब स्क्रू पूर्ण खोल घाला आणि अगदी सावकाश. तुटलंच तर उरलेलं आत ढकला आणि चहाच्या स्वच्छ गाळणीतून ओता, पण गाळणीला चहाचा वास नको. ऑस्ट्रेलियन असेल तर हा तमाशाच नाही, क्लेअर व्हॅलीतल्या बऱ्याच वाइनमेकरांनी मिळून २००० सालची रीसलिंग स्क्रू कॅपमध्ये भरली, तेव्हापासून तिकडे झाकण फिरवलं की झालं.

खोलीचं सांगतो, कारण यावरच अर्ध्या बैठका फसतात. उदबत्ती नको, अत्तर नको, गजरा पण दुसऱ्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी तर मुळीच नको. एकदा तेलात हिंग-मोहरी तडतडली की पुढचा अर्धा तास तुमच्या नाकाला दुसरं काही कळत नाही. जेवणाचं गॅसवरचं काम आधीच उरकून खिडक्या उघडून टाका. ग्लास ट्युलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते, फार मोठे नकोत, धुतल्यावर साबणाचा आणि फडक्याचा वास येत नाही ना ते नाक घालून बघा. प्रत्येकाला ६०-७० एमएल, एकदम भरायचं नाही, बाटलीत राखीव ठेवायचं, का ते पुढे सांगतो.

थंड किती करायची, तर ताजी रीसलिंग ८ अंशाला चालते, जुनी १०-१२ ला द्या. फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर. फार थंड असली की वास बंद होतो आणि मंडळी म्हणतात यात तर काहीच नाही. बर्फ घालायचा नाही. कुणीतरी विचारणारच, "भिया, सोडा?" त्याला प्रेमाने दुसरी खुर्ची द्या.

जमलं तर शेजारी एक ताजी रीसलिंग पण उघडा, सुलाची असली तरी चालेल. दोन ग्लास बाजूबाजूला असले की जुनं म्हणजे काय ते बोलून सांगावं लागत नाही. पांढरा कागद मागे धरा, ताजी जवळपास पाण्यासारखी, किंचित हिरवट झाक, जुनी सोनेरी, कधी पितळेसारखी पिवळी. गडद सोनेरी म्हणजे लगेच खराब नाही, गोड आउसलेझे वीस वर्षांनी तसाच दिसतो. पण तपकिरीकडे झुकणारा, मळकट, चमक गेलेला रंग दिसला तर सावध. चमक ही रंगापेक्षा महत्त्वाची, हे मात्र माझं ठाम मत.

आता नाक. ग्लास न हलवता पहिला वास घ्या, मग हलवून दुसरा. आणि इथे पहिल्याच मिनिटाला कुणीतरी म्हणणार की याला रॉकेलचा वास येतोय, बाटली गेली. गेलेली नाही. ज्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून रॉकेल आणलंय, वातीचा स्टोव्ह पेटवलाय, ते लोक हा वास सगळ्यात आधी पकडतात, आजची पोरं पेट्रोल पंप म्हणतात, आणि दोघं बरोबर असतात. यामागे टीडीएन नावाचा पदार्थ आहे. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडपासून त्याची सुरुवात होते, घडावर ऊन जास्त पडलं की त्याचा कच्चा माल जास्त तयार होतो, आणि मग बाटलीतल्या आम्लात वर्षानुवर्षं तो हळूहळू सुटत राहतो. म्हणून गरम प्रदेशातल्या रीसलिंगला तो लवकर येतो, थंड मोझेलला उशिरा. साठवण गरम असली तर अजून लवकर. शिवाय बूच टीडीएन शोषून घेतं आणि स्क्रू कॅप घेत नाही, त्यामुळे एकाच वयाच्या दोन बाटल्यांत स्क्रू कॅपवाली जास्त रॉकेल मारते. हा दोष का गुण यावर वाइनमेकरांतच एकमत नाही, काही जण तर याला सरळ चूक म्हणतात. माझं म्हणणं असं की रॉकेल मागे असावं आणि पुढे अजून काहीतरी असावं. नुसतं रॉकेलच असेल तर त्या वाइनकडे सांगायला दुसरं काही उरलेलं नाही.

ते अजून काहीतरी शोधायला वेळ द्या. मध, मेण, मोसंबीचं वाळलेलं साल, सुकं जर्दाळू, टोस्ट, गोड वाइनला बुरशी लागलेली असेल तर केशर आणि मार्मलेड. ती बुरशी म्हणजे बोट्रायटिस, द्राक्षाचं पाणी उडवून साखर आणि आम्ल दोन्ही दाट करते, वाईट अर्थाने घेऊ नका. मोझेलच्या वाइनमध्ये एक वास येतो तो आपल्या पिढीला बरोबर कळतो, दगडी पाटी ओल्या स्पंजाने पुसल्यावर यायचा तो. आणि गंमत म्हणजे मोझेलचे ते उभे चढ खरंच पाटीच्याच दगडाचे आहेत, स्लेटचे. अर्थात दगड मुळातून चढून ग्लासात येतो असं काही नाही, शास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत, पण वास येतो हे मात्र नाकारता येत नाही.

खराब बाटली वेगळी ओळखायला शिका. ओला पुठ्ठा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीतली बुरशी, फळाचा वास गायब, तर तो बुचाचा दोष, टीसीए म्हणतात त्याला, तो हवेने जात नाही, उलट वेळ जाईल तसा जास्त कळतो. कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास, चव सपाट, तर हवा लागलेली. आणि काडेपेटीची काडी विझवल्यासारखा वास आला तर थांबा, तो सल्फरचा, दहा-पंधरा मिनिटं ग्लासात हलवत राहिलं की बहुतेक वेळा उडून जातो, मोझेलच्या योहान योसेफ प्र्युम या इस्टेटच्या वाइन तर ताज्या असताना यासाठी प्रसिद्धच आहेत. म्हणजे निकाल पहिल्या घोटाला द्यायचाच नाही.

तोंडात घेतल्यावर चव कशी आहे हे विचारायच्या आधी लाळ कुठे सुटतेय ते बघा. गालाच्या मागच्या बाजूला, जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटायला लागलं आणि गिळल्यावर पण सुटतच राहिलं तर आंबटपणा जिवंत आहे, आणि आंबटपणा जिवंत म्हणजे वाइन जिवंत. गिळल्यावर मनात आकडे मोजा, पाच-सहाला सगळं संपलं तर साधारण, पंधरा-वीसच्या पुढे चव रेंगाळली तर तुमच्या हातात काहीतरी मोठं आहे. मग गोडी. कागदावर साखर तेवढीच असते, बाटलीत ती कमी होत नाही, पण पंधरा वर्षांनी तीच श्पेटलेझे कमी गोड लागते. याचं कारण काय यावर बैठकीत वाद पेटवून द्या, तासभर पुरतो.

आता चर्चेचं. पहिला नियम, लेबल झाकून ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळा नाहीतर बाटलीला पायमोजा घाला. लेबल दिसलं की काका लोक किंमत विचारतात आणि मग कुणाला काही नावडत नाही. दुसरं, पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने कागदावर चार शब्द लिहायचे. नाहीतर जो मोठ्याने पहिला "मध" म्हणतो त्याच्यामागे सगळे मध मध करत जातात. मग बोलायला सुरुवात जो सगळ्यात नवखा आहे त्याच्यापासून करायची, जाणकार शेवटी. आणि इंटरनेटवरून उचललेले शब्द नकोत, ज्याने आयुष्यात गूजबेरी बघितली नाही त्याने गूजबेरी म्हणायचं कशाला, कैरी म्हणा, आवळा म्हणा, सराफ्याच्या कुठल्या ठेल्याजवळून जाताना असा वास येतो ते सांगा, पण तुमच्या नाकाने खरंच घेतलेलं सांगा. त्याने दुसऱ्याला पटकन कळतं आणि खोडून पण काढता येतं.

"आवडली का" या प्रश्नावर चर्चा मरते, तो शेवटी विचारा. चांगले प्रश्न असे, फळ अजून ताजं आहे का सुकलेलं? आंबटपणा आणि गोडी एकमेकांना धरून आहेत का एक पुढे पळतंय? ही वर चढतेय, माथ्यावर आहे का उतरतेय? अजून पाच वर्षं ठेवली असती तर? हा शेवटचा प्रश्न टाकला की दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते आत्ताच बरोबर वेळेला उघडली, दुसरी म्हणते घाई केली. लक्षात घ्या, काही रीसलिंग तरुणपण संपल्यावर मध्येच काही वर्षं गप्प होतात, ताजं फळ गेलेलं आणि जुनेपणा अजून आलेला नाही, तशा वेळी उघडली तर बाटली चांगली असून फिकी वाटते. वाद घालताना ही शक्यता पण मोजा. आणि कुणी "मला काहीच वास येत नाहीये" म्हटलं तर त्याला हसू नका, वासाच्या बाबतीत प्रत्येकाचं नाक वेगळं असतं, त्याला तोंडातल्या आंबटपणाबद्दल विचारा, तिथे तो बहुतेक सगळ्यांपेक्षा नेमकं बोलेल.

बाटलीत राखीव ठेवलेलं आता ओता, उघडून तासभर झाल्यावर. सगळ्यांनी आपापला पहिला कागद समोर ठेवायचा आणि बघायचं काय बदललं. रॉकेल मागे गेलं का, मध पुढे आला का, का उलट सगळं कोसळलं. फार जुनी, पंचवीस-तीस वर्षांची असेल तर ती तासाभरात दमू पण शकते, तिला वाट बघायला लावू नका.

खाणं चाखून झाल्यावरच काढायचं. इथे इंदूरचं टेबल खरं तर फार कामाचं आहे. गोडसर, कमी अल्कोहोलची कबिनेट किंवा श्पेटलेझे असेल तर भुट्ट्याचा कीस, कोपरा पॅटिस, हिवाळ्यात तळलेला गराडू, सगळं चालतं, कारण अल्कोहोल कमी असलं की तिखट भडकत नाही आणि साखर मिरचीला सांभाळून घेते, आंबटपणा तेल कापतो. फक्त गराडूवर जीरावण हलक्या हाताने, लवंगेसारखे दणदणीत मसाले जुन्या वाइनचा वास गिळून टाकतात. लवंग सेव तर नकोच, साधी बारीक शेव ठेवा. कोरडी असेल तर भाजलेले शेंगदाणे, पनीर टिक्का कमी मसाल्याचा, मासे खाणारं घर असेल तर मासा. जिलबी, मावाबाटी, पुरणपोळी, श्रीखंड यातलं काहीही नको, खाणं वाइनपेक्षा गोड असलं की चांगली वाइन पण नुसती आंबट आणि पातळ लागते. जिलबी खायचीच असेल तर सकाळी पोह्यांबरोबर खा ना, कोण अडवतंय.

थोडी उरली, आणि उरवाच थोडी, तर बूच नाहीतर झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. चांगल्या रीसलिंगचा आंबटपणा तिला तीन-चार दिवस सहज धरून ठेवतो, गोड असेल तर अजून जास्त. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत एक घोट घेऊन ग्रुपवर टाका, आदल्या दिवशी उतरतेय म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा मत बदलावं लागतं. आणि लेबल उघडल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा, पुढचं मागचं दोन्ही. जर्मन बाटलीवर एपी नंबर, म्हणजे सरकारी तपासणीचा क्रमांक, असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे म्हणजे तपासणीचं वर्ष आणि त्याच्या आधीचा आकडा तपासणीला दिलेल्या नमुन्याचा क्रमांक, तो वेगळा असेल तर नाव-साल तेच असूनही आतली वाइन वेगळी असू शकते. भाच्याला पुढच्या वेळी हीच आण म्हणून सांगायचं असेल तर त्याला नुसतं नाव नको, हा नंबर पाठवा.